भंगारात आलेलं, पण काट्यावर न गेलेलं

गोदाकाठची (धागाकर्ती)

भंगार गोळा करणारा माणूस दिवसभराचा सगळा माल संध्याकाळी दुकानात घालतो आणि मोकळा होतो, असा सर्वसाधारण समज आहे. पंचवटीत आणि जुन्या नाशकात हातगाडी घेऊन फिरणाऱ्या काही जणांशी मी गेले काही महिने बोलते आहे. जवळजवळ प्रत्येकाच्या घरी एक कोपरा असा निघाला की जिथे न विकलेल्या वस्तू आहेत. पैसे मोजून घेतलेल्या, पण काट्यावर न घातलेल्या.

त्यातल्या एका मामांबद्दल सांगते. गाव मनमाडकडचं, नाशकात येऊन निम्मं आयुष्य झालं. घर एका खोलीचं. मागे पत्र्याची पडवी आणि पडवीत एक लाकडी मांडणी. मांडणीसुद्धा भंगारातलीच, कुठल्याशा बंद पडलेल्या किराणा दुकानाची. वरच्या फळीवर धान्याची मापं आहेत: पायली, शेर, मापटं, चिपटं. एका संचातली नाहीत. चिपटं पितळेचं, शेर लोखंडी, पायलीच्या बुडाला ठिगळ. चिपट्याच्या काठाखाली वजनमाप तपासनिसाचे बारीक शिक्के एकावर एक उमटलेले आहेत, बोट फिरवलं तर लागतात. खालच्या फळीवर कुलपं. किल्लीवाली एका बाजूला, बिनकिल्लीची दुसऱ्या बाजूला. शेवटच्या फळीवर अडकित्ते, एक कंदील, जात्याचा खुंटा, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात वह्या.

मापांबद्दल मामा म्हणाले, "ताई, चार चिपट्यांचा शेर न् चार शेरांची पायली. आमची आजी धान्य मापायची तर पहिल्या मापाला एक नाही म्हणायची, लाभ म्हणायची. लाभ, मग दोन, मग तीन. नातवंडांना सांगतो तर हसतात. हातात माप दिलं की हसत नाहीत, मापायला बसतात."

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो-ग्रॅम आले, आणि नंतर काही वर्षांत शेर-पायली बाजारातून कायद्यानेच गेली. तेव्हापासून ही मापं मोडीत निघत आली आहेत. घराघरांत राहिलेली आता वाडे पडताना बाहेर येताहेत. सरकारवाडा, भद्रकाली, तिवंधा, रविवार पेठ या भागात जुना वाडा उतरवायला काढला की मामांची पहिली फेरी तिकडे असते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्या माहितीत असं ठेवणारं कोणी आहे का? आणि या वस्तूंचं पुढे काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?

सिडकोकर

+१. आमच्याकडे येणारा भाऊ घड्याळं ठेवतो. चावीची, टोल देणारी. बंद असली तरी ठेवतो. एकातले सुटे भाग काढून दुसरं चालू करतो आणि चालू झालेलं कुणाला तरी देऊन टाकतो. विकत नाही. मी विचारलं तर म्हणाला, चालू केलेलं विकलं तर पुढच्या वेळी बिघडलं की भांडण, दिलं तर नाव निघतं.

कॉलेजरोड

मला यात एक गोष्ट खटकते. आपण एखादी पितळी समई कचरा समजून वजनाच्या भावात देतो. घेणाऱ्याला मात्र ती काय आहे हे कळत असतं. तो ती बाजूला ठेवतो आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दसपट भावाने विकतो. हे ठेवणं म्हणजे थांबून विकणं नव्हे का? जपणूक वगैरे म्हणण्याआधी हे तपासायला हवं. माझा आक्षेप कुणा एकावर नाही, पण देणाऱ्याला अंधारात ठेवणं मला पटत नाही.

नाक्यापलीकडची

कॉलेजरोड, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी या घरातलीच आहे म्हणून सविस्तर लिहिते. माझे वडील वडाळा नाक्यापासून पुढे इंदिरानगरपर्यंत फेरी करायचे. आई माल निवडायची. आम्ही भावंडं शाळेतून आलो की तिच्याबरोबर बसायचो.

सकाळी दुकानदाराकडून उचल घ्यायची. त्या पैशांत दिवसभर लोकांकडून माल घ्यायचा. संध्याकाळी त्याच दुकानात माल घालायचा, उचल वळती व्हायची आणि उरेल ती कमाई. दुसऱ्या दुकानात भाव बरा असला तरी तिकडे जाता येत नाही, कारण उचल याची आहे. आता या हिशेबात एक पितळी घंगाळ न घालता घरी न्यायचं म्हणजे काय, ते बघा. पितळ हा गाडीवरचा सगळ्यांत भावाचा माल. पुठ्ठा, पत्रा, रद्दी, प्लॅस्टिक यांनी गाडी भरते, पण दिवस निघतो तो तांब्या-पितळेच्या चार वस्तूंवर. ते घंगाळ ठेवलं तर त्या दिवशी उचलसुद्धा फिटत नाही, उद्यावर जाते. वडिलांनी असं केलं की आई दोन दिवस बोलायची नाही. म्हणून जो माणूस वस्तू ठेवतो तो तिची किंमत रोख मोजून ठेवतो, हे आधी लक्षात घ्या.

थांबून विकणारेही असतात. व्यापारी दुकानावर येतात, दुकानदार त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. पण तो दुकानदार. हातगाडीवाल्याला थांबण्याइतकं भांडवल नसतं.

आता आमच्याकडे काय काय ठेवलं जायचं ते सांगते. सगळ्यांत आधी देव. लोकांना खोटं वाटेल, पण मोडीच्या भांड्यांत देव येतात. घर विकलं, म्हातारी माणसं गेली, मुलं बाहेरगावी, की देवघरातलं सगळं एका पिशवीत बांधून देतात. त्यात टाक असतात, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, छोटी घंटा. आई देव कधीच काट्यावर घालू द्यायची नाही. वजनात धरून पैसे दिलेले असायचे, तरी नाही. थोडे आमच्या देव्हाऱ्यात गेले, थोडे गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडले. आमच्या देव्हाऱ्यात आजही असे टाक आहेत ज्यांचं कूळ आम्हाला माहीत नाही. आई त्यांना पाहुणे म्हणते आणि नवरात्रात आमच्या देवांच्या आधी त्यांची पूजा करते.

दुसरं, पुस्तकं. वह्यांची रद्दी जायची, शाळेची पुस्तकं थांबायची. मे महिन्यात परीक्षा झाल्यावर लोक रद्दी काढतात तेव्हा वडील पुढच्या इयत्तेचं एकेक पुस्तक जमवत. माझं दहावीपर्यंतचं एकही पुस्तक दुकानातून आलेलं नाही. एक शब्दकोश आला होता, पुठ्ठा निघालेला, 'ह' नंतरची पानं गेलेली. तो मी डी.एड.ला सुद्धा वापरला. आज शाळेत शिकवते.

तिसरं, कामाच्या वस्तू. शेगडी, पाट, शिवणयंत्राचं डोकं. याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, गरजेच्या वस्तू सगळेच ठेवतात.

आणि चौथं, ज्याचं कारण वडिलांना सांगता यायचं नाही. काचेचा गोळा होता, आत पाण्यात पांढरं काहीतरी फिरायचं. शिंगाची फणी होती. एका बाईचा फोटो, चौकटीत घातलेला, नऊवारीतला, खुर्चीवर बसलेला. चौकट सागवानी होती, चौकटीचे पैसे आले असते. वडील म्हणायचे, तिला काढून चौकट कशी विकू?

सातपूरचा फिटर

ताई, फार चांगलं लिहिलंत.

कारखान्यांच्या बाजूचं थोडं सांगतो. सातपूर-अंबडमधलं भंगार वेगळं. तिथे टर्निंग-बोरिंगचा चुरा, पंचिंगचे तुकडे, नाकारलेला माल असा टनांत निघतो, त्याचे ठेके असतात. पण छोटी युनिटं बंद पडतात तेव्हा मालकाचं टेबलही भंगारात जातं. माझ्या ओळखीच्या एका निवडणाऱ्याकडे व्हर्निअर, मायक्रोमीटर, फीलर गेज अशा बारीक मोजमापाच्या हत्यारांचा डबा आहे. जबडे झिजलेले, त्यामुळे कामाला निरुपयोगी. त्याला वाचता फारसं येत नाही, पण व्हर्निअरवरचं माप वाचायला तो शिकला. कुठून? आणून दिलेल्या माणसाकडून, युनिट बंद झाल्यावर स्वतःची हत्यारं विकायला आलेल्या टर्नरकडून. हत्यारं विकताना तो माणूस रडला होता, म्हणून डबा ठेवला, असं तो सांगतो.

जागेचाही प्रश्न आहे. २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार हटवला. तो अनधिकृत होता, आगीची आणि धुराची तक्रार खरी होती, मी तिथून रोज जायचो. पण जागा हलली की पहिल्यांदा जाते ती न विकलेली वस्तू. टेम्पोत भावाचा माल भरतात, बाकीचं राहतं.

आणि एक कळकळीने सांगतो. सगळंच ठेवण्यासारखं नसतं. जुन्या टीव्हीची काच फोडू नये, तिच्यात शिसं असतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर, भरलेली सिलिंडरं, मोठे कपॅसिटर घरात, मुलांच्या हाताशी ठेवू नका. पाऱ्याचे तापमापक आणि रक्तदाबाची जुनी यंत्रं दिसायला सुंदर असतात, पण फुटली तर त्या पाऱ्याची वाफ बंद खोलीत साठते. ज्यांच्याशी तुमचं बोलणं आहे त्यांना हे जरूर सांगा. केबल जाळून तांबं काढणाऱ्यांनाही. त्या धुराने माणसं आजारी पडतात, हे मी जवळून पाहिलं आहे.

कॉलेजरोड

नाक्यापलीकडची, उचलीचा हिशेब मला माहीत नव्हता, धन्यवाद. तरी कायद्याचा प्रश्न उरतोच. दिलेल्या कपाटात दागिना निघाला तर? चोरीची वस्तू असली तर?

द्वारका सर्कल

वकिली करते, म्हणून थोडक्यात.

फेरीवाल्याने भाव ठरवून, पैसे देऊन वस्तू घेतली की ती त्याची. ती वितळवायची, वापरायची, की मांडणीवर ठेवायची, हा त्याचा हक्क. तुम्हाला नंतर तिचं मोल कळलं म्हणून व्यवहार मोडत नाही. मात्र कपाटाच्या चोरखणात दागिना निघाला, डब्याच्या तळाशी नोटा निघाल्या, तर ते तुम्ही विकलेलं नव्हतं. मूळ मालक कोण हे माहीत असताना, किंवा त्याला शोधायचा वाजवी प्रयत्न न करता ते आपलंसं करणं हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ४०३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे. मालकाला परत द्यायचं म्हणून जवळ ठेवणं गुन्हा नाही. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेतली तर आधी कलम ४११ लागायचं, आता ३१७.

जुन्या वस्तूंसाठी पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृतींचा १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, कलावस्तू त्यात येते. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित असेल तर ७५ वर्षं पुरतात. घरात बाळगणं गुन्हा नाही, काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, परवान्याशिवाय धंदा करता येत नाही आणि देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत गाडलेलं सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. रक्कम १८७८ सालची आहे, कायदा आजही तोच.

आणि ज्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत त्यांच्या बाजूचंही सांगते. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांची व्याख्या केली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घ्या असं स्थानिक संस्थांना सांगितलं. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, तिच्यातून पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली. ओळखपत्र असलेल्या बाईला पोलीस चोर समजून हटकत नाहीत, हा त्यातला सगळ्यांत रोजचा फायदा. घरी जुन्या वस्तू ठेवणाऱ्या माणसाला ही भीती किती असते, त्यांना विचारून बघा.

गोदाकाठची

विचारलं होतं. आहे भीती. म्हणूनच कुलपांची फळी मामा बाहेरच्यांना दाखवत नाहीत. "कुलूप बघितलं की लोक घरफोडीचं बोलतात."

तांबट आळी

आमच्याकडे तीन पिढ्या तांब्या-पितळेचं काम होतं, आता नाही. नाशिकच्या भांड्यांचं नाव फार जुनं आहे, १८८३ च्या जिल्हा गॅझेटियरमध्येसुद्धा इथल्या तांब्या-पितळेच्या कामाचा उल्लेख आहे. काशीला गेलेला गंगेचं पाणी आणतो तसा नाशकात आलेला भांडं घेऊन जातो, असं आजोबा म्हणायचे.

हातचं भांडं आणि यंत्राचं भांडं यांत फरक कसा ओळखायचा ते सांगतो, म्हणजे मोडीत घालण्याआधी एकदा बघाल. हातच्या भांड्यावर मठाराच्या खुणा असतात, हातोडीच्या ठोक्यांचे चपटे गोल, रांगेत एकमेकांना लागून बसलेले. भांडं तिरपं धरून उजेडात फिरवलं की दिसतात. बुडाचा जोड आतून बघा, जुन्या कामात दातऱ्या एकमेकांत अडकवून डाखलेल्या (झाळून सांधलेल्या) असतात, पितळेची पिवळी रेघ तांब्यात नागमोडी दिसते. यंत्रावर दाबलेल्या भांड्याला जोड नसतो आणि जाडी सगळीकडे सारखी असते.

आणि नावं. पूर्वी भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून मिळायचं, टोचणीने टिंबाटिंबांचं. आमच्या ओळखीच्या एका भंगारवाल्याने फक्त नाव घातलेली भांडी ठेवली आहेत. पेले, तांब्ये, पातेल्यांची झाकणं. एका तांब्यावर आहे: चि. सौ. कां. (पुढचं नाव इथे देत नाही) हिस आत्याकडून, लग्नप्रीत्यर्थ, शके १८६८. म्हणजे १९४६-४७. त्या आत्याने स्वतःचं नाव घातलेलं नाही, नुसतं आत्या. भांडं विकताना घरच्यांनी ते वाचलं असेल का, हा प्रश्न त्या माणसाने मला विचारला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अवांतर: आमच्या शेजारी सराफ बाजार. तिथल्या पेढ्यांसमोरची आणि गटारातली माती झारेकरी नेतात, धुतात, तिच्यातून सोन्याचे कण काढतात. पिढ्यान् पिढ्यांचं काम आहे. दुसऱ्याने टाकलेल्यातून मोलाचं ओळखणं हे कसब नाशकाला नवं नाही.

हडसनकाठचा नाशिककर

तुमच्या मामांसारखे एक गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये होऊन गेले, म्हणजे आहेत, निवृत्त झालेत. नेल्सन मोलिना. महापालिकेच्या सफाई खात्यात कचरागाडीवर होते. १९८१ पासून जवळजवळ साडेतीन दशकं त्यांनी कचऱ्यातून वस्तू वाचवल्या. खात्याच्या नियमाप्रमाणे कर्मचाऱ्याला कचऱ्यातलं घरी नेता येत नाही. म्हणून त्यांनी त्या वस्तू गाड्यांच्या तळावरच, पूर्व हार्लेममध्ये ९९ व्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावर मांडल्या. चित्रं, खेळणी, टाइपरायटर, फोटो. ४५ हजारांच्या आसपास वस्तू आहेत. एकही विकलेली नाही. मी पाहिलं नाही, रोज उघडं नसतं, खात्याने ठरवलेल्या दिवशीच नेतात. तुर्कस्तानात अंकारामध्ये सफाई कामगारांनी कचऱ्यात मिळालेल्या पुस्तकांचं वाचनालय केलं, २०१७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. ज्यांनी वस्तू उचलल्या त्यांच्याच नावाने त्या ओळखल्या जातात.

मोडीवाचक

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये संग्रह शासनाला दिला. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, कुलपं, सगळ्या रोजच्या वापरातल्या. त्यांच्यामुळे त्या वाचल्या, त्यांचं ऋण मोठं आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायी फिरून जुन्या कागदांची दप्तरं गोळा केली, १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. आपल्या शेजारच्या धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. जमवणाऱ्याचं नाव राहिलं, आणि राहायलाच हवं. ज्याच्या हातून ती वस्तू किंवा ते दप्तर वाचलं, त्याची नोंद सहसा कुठेच नसते.

आता वह्यांबद्दल. गोदाकाठची, त्या खोक्यातल्या वह्या कोणत्या लिपीत आहेत? लाल कापडी बांधणीच्या, उभ्या घडीच्या, असतील तर व्यापाऱ्याच्या चोपड्या असण्याची शक्यता जास्त. मोडी असेल तर मी वाचून देईन. दरम्यान एवढं करा: उन्हात वाळवू नका, शाई उडते. ओल असेल तर सावलीत, पानांमध्ये कोरा कागद घालून ठेवा. चिकटपट्टी अजिबात नको. सुतळी सोडू नका, पानांचा क्रम तिच्यावर असतो.

सिडकोकर

नाण्यांचं कुणीच बोललं नाही. रामकुंडावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात. चुंबकाला स्टीलची नवी नाणीच चिकटतात. तांब्याचं जुनं नाणं यायचं ते चाळणीने गाळ चाळणाऱ्याकडे. अशा एकाकडे झिजलेली नाणी डबाभर आहेत. कुठे दाखवावीत?

मोडीवाचक

अंजनेरीला, त्र्यंबक रस्त्यावर, नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, १९८० पासून. संग्रहालयही आहे. डबा घेऊन जा, पण धुऊन, चिंच लावून घासून नेऊ नका. वरचा थर गेला तर वाचता येत नाही.

आणि नाणं गाळात नेमकं कुठे मिळालं, हे त्याला आठवत असेल तर लिहून घ्या. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यात जोगळटेंभीला १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. शक राजा क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाला हरवून त्याचंच चलन आपल्या नावावर केल्याचा एवढा ढळढळीत पुरावा हाती आला, कारण ती सगळी एका जागी मिळाली आणि जागा माहीत होती. हीच नाणी एकेक करून सराफाकडे गेली असती तर वजनाची चांदी झाली असती. सुटी राहिली असती तर नुसती जुनी नाणी.

गोदाकाठची

मोडीवाचक, तुम्ही जोगळटेंभीचं लिहिलंत आणि माझ्या मनात अर्धवट होतं ते पुरतं झालं. म्हणून जरा मोठा प्रतिसाद.

मामांच्या मांडणीवरच्या एकाही वस्तूला चिठ्ठी नाही. पण कोणतीही उचला, ती कुठून आली ते त्यांना ठाऊक आहे. ठिगळाची पायली: मखमलाबादच्या एका मळ्यातून, द्राक्षबाग लावताना जुनं घर पाडलं तेव्हा. कंदील: रेल्वेतल्या माणसाच्या घरून, नाशिकरोडला. जात्याचा खुंटा: जातं रस्त्याकडेला टाकलेलं होतं, दोन्ही तळ्या उचलण्यासारख्या नव्हत्या म्हणून खुंटा. अडकित्ता: तिवंध्याजवळच्या आजींनी स्वतः हातात दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणाल्या सुनेला नको आहे. प्रत्येक वस्तूबरोबर गल्ली आहे, घर आहे, देणाऱ्याचं एखादं वाक्य आहे. हे सगळं फक्त त्यांच्या डोक्यात आहे, आणि मामांचं वय झालं आहे.

आपण लोक जुनी वस्तू दिसली की ती विकत घ्यायला बघतो. चांगल्या हेतूनेसुद्धा. पण पायली माझ्या दिवाणखान्यात आली की ती शोभेची पायली झाली, मखमलाबाद सुटलं. म्हणून वस्तू जिथे आहेत तिथेच, ज्याने ठेवल्या त्याच्याकडेच राहू द्याव्यात आणि आपण त्यांची नोंद करावी, असं मला ठामपणे वाटतं. कुठून आली, कधी, कोणाकडून, देणाऱ्याने काय सांगितलं, आणि कोणी ठेवली. शेवटचा रकाना पहिल्याइतकाच महत्त्वाचा. पुढेमागे सार्वजनिक वाचनालयासारख्या ठिकाणी (१८४० पासूनची संस्था, वस्तुसंग्रहालयही आहे) काही द्यायची त्यांची इच्छा झाली, तर ती वही वस्तूबरोबर जाईल, त्यांच्या नावासकट.

कॉलेजरोड, तुमच्या आक्षेपाला मामांच्या वागण्यातून उत्तर देते. एका घरातून बंब आणि घंगाळ आलं होतं. बंब दुकानात गेला, घंगाळ राहिलं. बऱ्याच काळाने त्या घरातली मुलगी बंगळूरहून आली आणि शोधत शोधत मामांपर्यंत पोचली. लहानपणी दिवाळीची आंघोळ त्या घंगाळातल्या पाण्याने व्हायची. मामांनी ते तिला घेतलेल्या भावाने परत दिलं. ती जास्त देत होती, घेतले नाहीत. मी विचारलं का, तर म्हणाले, "काट्यावर घेतलं, काट्यावर दिलं. मधे ठेवलं त्याचं काय भाडं लावू?" सगळेच असे असतील असं मी म्हणत नाही.

कॉलेजरोड

उत्तर पोचलं. मी दोन गोष्टी करू शकतो. माझ्या सोसायटीत मोड देण्याआधी देवघर आणि कागदपत्रं वेगळी काढा असं सांगेन. आणि नोंदीच्या कामाला येईन, अक्षर बरं आहे.

नाक्यापलीकडची

देव निघाले तर ते पिशवीत लपवून देऊ नका, हातात द्या आणि कूळ सांगा. आईचा हा निरोप आहे. माझ्या घरची नोंद मी स्वतः करते आहे, वडील आहेत तोवर. फोटोतल्या बाईंपासून सुरुवात केली. वडिलांना एवढंच आठवतं की घर गंगापूर रोडला, विहिरीच्या कोपऱ्यावर होतं आणि दारात सोनचाफा होता. कुणाला ओळख लागली तर निरोप करा.

द्वारका सर्कल

सोनचाफा आणि विहीर, माझ्या सासूबाईंना विचारते. त्या तिकडच्याच. नोंदवहीत माणसाचं नाव घालण्याआधी त्यांची परवानगी घ्या, आणि पत्ता लिहू नका. गल्ली पुरे.

गोदाकाठची

मामांना विचारून आले. तयार आहेत. अटी त्यांच्या: संध्याकाळी सातनंतर, माल उतरवून झाल्यावर. एका वेळी दोनच माणसं, पडवीत जागा नाही. खरेदीचं कुणी बोलायचं नाही. कुलपांची फळी शेवटी, ओळख झाल्यावर. फोटो वस्तूंचे काढा, त्यांचा नको. नाव मात्र वहीत हवं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मोडीवाचक, वह्या उघडून पाहिल्या. लाल कापड, उभी घडी, सुतळी शाबूत आहे. पहिल्या पानावर वर श्री आहे आणि खाली सलग एकात एक गुंतलेली अक्षरं, म्हणजे मोडीच असावी. तळाची वही ओलसर लागते, सावलीत काढून ठेवली आहे. बुधवारी बाजारामुळे त्यांना उशीर होतो, म्हणून गुरुवारी या. पहिल्या दिवशी तुम्ही आणि कॉलेजरोड. मी पंचवटी कारंजावर सातला थांबते.